पालकांची सही

बालवर्गातल्या ठमीने अंगावर पाणी सांडलं, म्हणून तिचा फ्रॉक बदलायला घेतला, तर पाठभर पट्ट्याचे वळ!

"कोणी मारलं गं?"

"बाबांनी. मावशी, त्यांना सांगू नका हं."

तिला तशीच उचलून मी मोठ्या बाईंकडे नेलं. 'प्रत्येक मूल सुरक्षित' या पाटीखाली बसून त्यांनी एक फॉर्म काढला, 'कुटुंबाला वेळीच मदत'. वळ किती, कुठे, मुलगी काय म्हणाली, सगळं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं. मग तो फॉर्म ठमीच्याच दप्तरात सरकवला.

"अहो बाई, हा घरी पाठवताय?"

"पालकांची सही लागते, मावशी. तिच्याशिवाय पुढे काही करता येत नाही. उद्या तपासणीत मलाच धरतील."

त्या मोत्यांची मला शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी ठमी काही केल्या खुर्चीवर बसेना. उभ्यानेच तिने फॉर्म पुढे केला. मोठ्या बाईंनी सही तेवढी बघितली, "चला, एक काम मार्गी लागलं," म्हणाल्या आणि तो फायलीला लावला.



सहीच्या वर वडिलांनी लिहिलं होतं, 'मुलीला योग्य ती समज दिली आहे. पुन्हा शाळेत बोलणार नाही.'