सावलीतला बाक

लांब पल्ल्याची बस वाळवंटातल्या गावी चहापाण्याला थांबली, तशी लेकाने म्हातारीला गाठोड्यासकट स्टँडवरच्या बाकावर सावलीत बसवलं आणि एकटाच परत बसमध्ये चढला. बस धुरळा उडवत दिसेनाशी झाली, तरी म्हातारीचे डोळे आपले रस्त्याला लागलेले.

"जागा धरायला पुढे गेलाय हो," ती शेजारच्या आजोबांना म्हणाली. "खिडकीची."

आजोबांनी आपल्या तांब्यातलं घोटभर पाणी तिला दिलं. "जाताना काय म्हणाला? 'येतो', की 'आलोच'?"

"'आलोच' म्हणाला," म्हातारी जरा तोऱ्यातच म्हणाली.



"मग पलीकडच्या बाकावर जा, ताई. हा 'येतो'वाल्यांच्या आईबापांचा आहे. तिथे जरा दाटी असते, पण सरकून घेतील."