केमिस्टची सही

"या सह्या तुमच्याच ना?" तपासणी अधिकाऱ्याने सहा महिन्यांचे सहा अहवाल तिच्यापुढे पसरले. प्रत्येकावर एकच शेरा: पाणी पिण्यास योग्य. खाली केमिस्ट म्हणून तिचं नाव.

हे कागद ती आज पहिल्यांदाच बघत होती.

बाहेर अधिकाऱ्याची माणसं खोक्यांना सील ठोकत होती. खोक्याखोक्यावर छापलं होतं, 'सात टप्प्यांत शुद्ध'. टप्पे कसले नि काय! यंत्र कधीचं बंद होतं, बोअरचं पाणी सरळ बाटलीत जात होतं. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी तिने दोनदा बजावलं होतं. मामा दोन्ही वेळा म्हणाला होता, "बघू गं, पुढच्या महिन्यात." ती कालच कामावर परतली होती.

बाटलीबंद पाण्याचा हा कारखाना मामाचा. ती तान्ही असताना वडील गेले. तिला वाढवलं, शिकवलं, उजवलं ते यानेच. आता तो दाराशी मान खाली घालून उभा होता.

"विचार करून बोला," अधिकारी म्हणाला. "या पाण्याने वसतिगृहातल्या चौदा मुलींना कावीळ झालीय. एक अजून शुद्धीवर नाही. सह्या तुमच्या असतील, तर गुन्हा तुमच्यावर."

घरी पाच महिन्यांचं बाळ सासूबाईंच्या मांडीवर. आणि इथे हा माणूस, ज्याच्या घासावर ती वाढली.

"माझ्याच आहेत," ती एकदम बोलून गेली. "अहवाल घरून करून पाठवायचे."

अधिकाऱ्याने जबाबाचा कागद पुढे सरकवला. "मग करा इथे सही."

तिने पेन उचललं. टोक कागदावर टेकवलं.

"थांब पोरी." मामाने पुढे होऊन तिच्या हातातलं पेन काढून घेतलं. "साहेब, खोटं बोलतेय ती. सह्या मी केल्यात."

"कशावरून?"

मामा टेबलावर वाकला. कोऱ्या कागदावर त्याने भाचीचं नाव एका दमात लिहिलं. अधिकाऱ्याने अहवाल शेजारी धरला. काना-मात्रेचाही फरक नव्हता.

"इतकी हुबेहूब?"

"हुबेहूब कसली, साहेब," मामा म्हणाला. "पाटीवर हात धरून तिला तिचं नाव लिहायला मीच शिकवलं."