बोटीवरचा माणूस

सॉसलिटोच्या खाडीत नांगर टाकून उभी असलेली बोट, हेच आमचं घर. टेकडीवरच्या बंगलेवाल्यांच्या डोळ्यांत आम्ही सलतो. बोटीवर माणूस दिसला नाही, की गस्तवाले ती बेवारस ठरवून ओढून नेतात आणि मोडीत काढतात. म्हणून मार्नी आणि मी किनाऱ्यावर कधी जोडीनं गेलोच नाही.

तिला कळा सुरू झाल्या, तेव्हा शेजारच्या बोटीवरचा म्हातारा ऑरिन आपली होडी घेऊन आला.

"तू हलू नकोस," तो माझ्यावर खेकसला. "घर गेलं तर लेकरू ठेवशील कुठे?"

तिला घेऊन तो वल्हवत निघाला, आणि गस्तवाल्यांनी त्याच्या रिकाम्या बोटीला दोर बांधला. "अहो, तो आत्ता येईल!" मी डेकवरून ओरडत राहिलो.

संध्याकाळी ऑरिन थेट माझ्या बोटीवर चढला. "मुलगी झाली. जा, भेटून ये. इथे मी बसतो."

"ऑरिन, तुझी बोट..."

"माहीत आहे रे. वल्हवताना आपलं तोंड मागेच असतं, ते बोट ओढून नेताना सगळं दिसत होतं मला. मार्नीची पाठ होती तिकडे. तिला सांगू नकोस."