जाळ बारीक

सुगंधा चोरून खाते, ही तानुबाईंची तक्रार आळीला पाठ झाली होती. "ताटात अर्धी भाकरी नि अंगावर कोठारभर मांस! डब्यांना काय पाय फुटतात?" असं म्हणत त्यांनी लेकीला जनुक-दवाखान्यात ओढत आणलं. जन्मताच टोचलेली जनुकांची सुई तिथे बदलून मिळते म्हणे.

नर्सबाईंनी जुनं कार्ड उघडलं. "चोरी कसली, आजी? हिच्या शरीराचा जाळच मंद ठेवलाय. खाल्लेलं जळत नाही, साठतं. टोचताना विचारलं होतं, जाळ मोठा की बारीक? इथे 'बारीक' लिहिलंय, खाली तुमचा अंगठा. आता पंचविशी उलटल्यावर काही बदलत नाही."

तानुबाईंना आठवलं. प्रश्न पुरता न ऐकताच त्या तोऱ्यात म्हणाल्या होत्या, "बारीक! माझी पोर बारीकच हवी." आणि पुढे पोर सुटत गेली तशी वर्षानुवर्षं तिच्या ताटातली अर्धी भाकरी त्यांनीच उचलली होती.

"चल आई," सुगंधा मान खाली घालून म्हणाली, "मला कुठं भूक असते."

तानुबाईंनी तिचा हात धरून तिला थांबवलं. "सुगंधे, मान वर कर. घरात चोर आहे म्हणत होते ना मी? आहेच. तुझ्या ताटातली भाकरी चोरणारी मी."