केबिनमध्ये धूर

"मेडे, मेडे, मेडे. तळ, गरुड तीन बोलतेय. केबिनमध्ये धूर. डाव्या पॅनेलखालून येतोय. परतण्याची परवानगी हवी. ओव्हर."

मास्तरांनी हेडफोन नीट बसवला आणि शेजारच्या परीक्षक साहेबांकडे पाहिलं. स्वतःच्या लेकीचं गाणं चालू असावं, तशी नजर.

काचेपलीकडे ती पेटी डुलत होती. लोखंडी पायांवर उभी, बिनखिडकीची, पोटात विमानाचं खोटं केबिन घेतलेली. आत एकटी ती, शिकाऊ वैमानिक. बाहेर हे दोघे आणि दोघांपुढे एकेक पडदा. इंजिन बंद पाडा, चाकं अडकवा, धूर सोडा, सगळं बोटाचं काम. आज तिची अखेरची चाचणी होती. जगात संकटाची हाक ऐकून माणसं धावत सुटतात, पण या खोलीत सकाळपासून किती मेडे झाले ते कोण मोजतंय!

"गरुड तीन, तळ. रॉजर, ऐकलं. पुढच्या सूचनेपर्यंत थांबा. ओव्हर."

"ही तीच ना हो, टिटवी?" साहेबांनी विचारलं. "आवाज ओळखूच येत नाही."

टिटवी हे नाव मास्तरांनीच ठेवलेलं. सुरुवातीला पंख जरा कलला की ही पोरगी अशी किंचाळायची, की बिघाड कळायच्या आधी तळावरच्या माणसाच्या कानठळ्या बसायच्या. मास्तरांनी तिला चांगलं रडवलं होतं. रेडिओवर नाव घ्यायचं नाही, गयावया करायची नाही, 'आई गं' तर नाहीच नाही. आधी ऐक, मग बटण दाब, थोडक्यात बोल, बटण सोड. "आभाळ कोसळलं तरी चालेल, पण आवाज चढला की तू नापास," असा दमच भरला होता. आणि पोरीनं तो मनावर घेतला.

"तळ, गरुड तीन. धूर वाढलाय. वायर जळल्याचा वास. पॅनेलला हात लावल्यास चटका. धूर घालवायची कृती केली, उपयोग नाही. ओव्हर."

"वाससुद्धा!" साहेब हसले. "मास्तर, पोरगी नाटकात जायची, वाट चुकून इकडे आली."

"खोट्यात खरं बघायला मीच शिकवलंय तिला," मास्तर म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. "गरुड तीन, तळ. रॉजर. थांबा. ओव्हर."

आवाजाचे गुण त्यांनी पैकीच्या पैकी दिले. उभ्या नोकरीत कुणाला दिले नव्हते.

"पण मानलं तुम्हाला," साहेब म्हणाले. "ऐन उतरायच्या वेळी धूर घातलात. मीच घालणार होतो, म्हटलं आत्ता नको, पोरगी घाबरायची."

मास्तरांची मान वळली.

"मी कुठे घातला? मला वाटलं, तुम्ही घातलात."

दोघांनी एकमेकांचे पडदे पाहिले. धुराची खूण दोन्हीकडे बंद होती.

साहेबांनी पेटी खाली बसवायचा खटका ओढला. ती बसल्याशिवाय दार उघडत नाही, आणि ती बसते आपल्याच चालीनं. तुम्ही देव पाण्यात घाला नाहीतर कपाळ फोडून घ्या, तिला घाई नाही. पाय हळूहळू आत जात होते. दाराच्या फटीतून आता करडी रेघ निघाली होती. पेटीजवळचा मेकॅनिक अग्निशामक नळकांडं घेऊन दाराखाली धावला.

"पोरी!" मास्तर माइकमध्ये ओरडले. "अगं पोरी, ऐकतेस ना? बोल ना गं! आई गं, काहीतरी बोल!"

स्पीकर मुका.

"बोल ना गं बाळा! मी चुकलो, तू बोल!"

"मास्तर, बटण सोडा!" साहेब किंचाळले. "तुम्ही दाबून धरलंत, तर तिचा आवाज येणार कसा?"

मास्तरांना ते कळतच नव्हतं. अंगठा पांढराफटक पडला होता. साहेबांनी तो धरून उचलला तेव्हा कुठे स्पीकर खरखरला. आधी नुसता खोकला आला. मग शब्द आले.

"तळ, गरुड तीन. ऐकतेय. ओव्हर."

दार उघडताच काळा लोट अंगावर आला. मेकॅनिकनं तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. डावी बाही कोपरापर्यंत जळाली होती. तिला बाहेरच्या बाकावर निजवलं, कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी डॉक्टरांना बोलवायला पळालं. मास्तर तिच्याजवळ फरशीवरच बसले. भीती ओसरेल तसा त्यांना भयंकर राग येत होता. कुणाचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"धूर खरा आहे हे तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं, सर."

"कधी?"

"लगेच. नाकातच गेला ना."

"मग एकदा तरी ओरडायचंस ना, बये! एकदा तरी!"

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. खरंच काही उमगत नसल्यासारखं पाहिलं.

"कशाला, सर? तुम्ही ऐकलं होतंत. दोन्ही वेळा थांबा म्हणालात, म्हणून थांबले."