न घेतलेलं माप

कंपाउंडर दोघी बहिणींच्या शिवणाच्या दुकानात शिरला तेव्हा थोरली काजं करत बसली होती. त्याची पावलं तिला पाठ होती, म्हणून मान वर करायची काही गरज नव्हती. पण आज पावलं दोघांची वाजली, तेव्हा तिने बघितलं. त्याच्या मागे चष्मा लावलेली एक बाई उभी होती आणि तिच्या हातात कापडाचं पुडकं होतं.

"ताई, लग्नाचा कोट शिवायचाय," कंपाउंडर म्हणाला. "आमचं परवाच ठरलं."

दोन वर्षं हा माणूस दर शनिवारी शर्टाचं तुटलेलं बटण लावून घ्यायला येत होता. एवढ्या दिवसांत त्याने थोरलीला कसलीच हाक मारली नव्हती. "अहो, जरा बघता का," एवढ्यावरच निभावून नेलं होतं. आज ताई म्हणाला.

"अरे वा. छान झालं," थोरली म्हणाली. आवाज ताणलेल्या दोरीसारखा सरळ.

मशीनवर बसलेल्या धाकटीचं तोंड मात्र उघडं ते उघडंच राहिलं. धाकटीचं सगळं उघड्यावरच असायचं. बँडमधल्या कर्णेवाल्यावर जीव लावला तो अख्ख्या गल्लीला सांगून, आणि तो सोडून गेला तेव्हा रडली ती अशी, की समोरच्या सलूनमधली गिऱ्हाइकं अर्ध्या दाढीनिशी बघायला आली. थोरलीचं तसं नाही. तिच्या मनात काय आहे ते एकट्या धाकटीला माहीत होतं, तेही खोदून खोदून काढलेलं.

"अगं, तो बटणं ब्लेडने कापून आणतो!" धाकटी कपाळ बडवून सांगायची. "हा दोरा बघ, कसा साफ कापलाय. दर शनिवारी एक बटण तुटतं का कुणाचं? विचार त्याला, नाहीतर मी विचारते."

"दोरा कुजला असेल," थोरली म्हणायची. "उगाच काहीतरी डोक्यात घेऊ नये. ज्याला बोलायचंय तो बोलेल." आणि बटण लावून द्यायची. दोरा दुहेरी घालून, चांगलं पक्कं.

"माप घेताय ना?" चष्मेवालीने विचारलं. हसरी होती, बोलायला गोड होती. तिच्यावर राग धरावा असं तिच्यात काहीसुद्धा नव्हतं, हीच मोठी पंचाईत.

या दुकानाची रीत अशी, की थोरलीने टेप लावून आकडा बोलायचा आणि धाकटीने तो वहीत लिहायचा. कंपाउंडर आरशासमोर जाऊन उभा राहिला, हात अंगापासून थोडे लांब धरून. थोरली उठली. दोन पावलं गेली आणि तिच्या लक्षात आलं, की त्या छातीभोवती हात फिरवायची वेळ आली तर आज आपली धडगत नाही. तिने शहाणपण केलं. परत येऊन बसली, सुई उचलली आणि खाली बघूनच म्हणाली, "लिही गं. छाती अडतीस. कंबर तेहतीस. खांदा साडेसतरा. बाह्या वेगळ्या लिही. उजवी चोवीस, डावीला अर्धा इंच कमी. डावा खांदा उतरता आहे, तिथे गादी जास्त लागेल. दिवसभर वाकून पुड्या बांधतात, पाठीत एक बोट सैल धर."

धाकटीची पेन्सिल मध्येच थांबली.

"अहो, पण तुम्ही मोजलं कुठे?" चष्मेवाली म्हणाली.

दोन वर्षांत कंपाउंडरने इथे साधा रुमाल शिवून घेतला नव्हता. वहीत त्याचं पानच नव्हतं. वीस वर्षं दुसऱ्यांची अंगं मोजणारी बाई आज न मोजता उघडी पडली.

"अंदाज असतो आमचा," थोरली म्हणाली.

चष्मेवालीने तिच्याकडे बघितलं, मग कंपाउंडरकडे बघितलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. तिने पुडकं हळूच टेबलावर ठेवलं. "मी जरा बाहेर थांबते," म्हणाली आणि गेली.

कंपाउंडर अजून आरशासमोरच होता. हात खाली घ्यायचेसुद्धा राहून गेले होते.

"तुम्ही कधी काही बोलला नाहीत," तो म्हणाला.

"तुम्हीसुद्धा बटणंच आणलीत."

त्याने हात खाली घेतले. काहीतरी बोलायलाच हवं म्हणून म्हणाला, "ट्रायलला कधी येऊ?"

थोरलीने सुईत दोरा ओवला. पहिल्या झटक्यात ओवला.

"ट्रायल लागणार नाही. बसेल. पुढच्या शनिवारी न्यायला कुणालाही पाठवा."

तो पायऱ्या उतरून गेला, आणि मग धाकटी फुटलीच. "लागणार नाही? अगं, मी तुझ्या जागी असते तर सात ट्रायल काढल्या असत्या! एकदा बाही आखूड करायची, एकदा कॉलर मोठी करायची, महिनाभर हेलपाटे घालायला लावले असते!"

"आणि मग?" थोरलीने विचारलं.

धाकटीने पेन्सिल वहीत ठेवली आणि वही मिटली.

थोरलीने पुडकं सोडलं आणि कापड टेबलावर पसरलं. तळहाताने सुरकुत्या काढू लागली. कापड कोरं करकरीत, एक सुरकुती नव्हती. तरी काढत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पुन्हा या टोकापासून. धाकटी मशीनवरून उठली, मागून येऊन तिला चिकटून उभी राहिली.

"रड ना गं ताई. एकदा तरी रड."

"इथे नको," थोरली म्हणाली. "कापड फिकं आहे. डाग दिसेल."