तापलेली हलगी

वैजूनं स्टेडियमबाहेर कागद पेटवून हलगी शेकली, तशी समोरच्या संघाची पोरं खिदळली, "अगं, त्यावर पापड तरी भाजून घे!"

आपला कबड्डी संघ जिंकल्याशिवाय हलगी वाजवणार नाही, असा नवस तिनं सीझनच्या सुरुवातीलाच अंबाबाईला बोललेला. तेव्हापासून दर मॅचला ती हलगी तापवायची आणि दर मॅचला हलगी तिच्या मांडीवर गार पडायची. आजची शेवटची मॅच, आणि आजही संघ इतका मागं, की आपलीच माणसं चपला शोधायला लागली.

आणि शेवटच्या मिनिटाला, गुडघ्याला पट्टी बांधलेला कप्तान चढाईला गेला की! हरलेल्या मॅचमध्ये, एकटा, सात जणांच्या अंगावर!

वैजूचा हात कधी उठला, तिलाच कळलं नाही. हलगी अशी कडाडली, की चपला शोधणारे जागीच थांबले.

"ए बाई, हरलाय तुम्ही!" पलीकडून कुणीतरी ओरडलं.

"ठाऊक हाय! म्हणून काय मुक्यानं हरायचं?"

कप्तानाला सातही जणांनी लोळवलं, तरी हलगी थांबेना. मैत्रिणीनं तिचा दंड धरला, "वैजे, नवस मोडला गं!"

"सांगीन की अंबाबाईला," वैजू वाजवता वाजवताच ओरडली, "हलगी तापली हुती!"